सुरकुती राहू द्या

आमच्या धाकटीला जुळी झाली त्या वर्षीची ही गोष्ट. मार्च महिना होता. दोन्ही मुलगे, एक दोन किलोचा आणि दुसरा त्याहूनही जरा कमी, आणि धाकटीचं गाव आमच्यापासून बसनं सात तासांवर. त्याच महिन्याच्या सुरुवातीला डॉक्टरांनी माझ्या बायकोच्या छातीचा फोटो उजेडावर धरून मला दाखवला होता. हृदय वाढलंय, म्हणाले. मी फोटोकडे बघत राहिलो. मला तिथे नुसता धूर दिसत होता. "वाढलंय म्हणजे चांगलं नाही हो," डॉक्टर म्हणाले, "ताणून ताणून सैल पडलंय. जिने चढायचे नाहीत, ओझं उचलायचं नाही, प्रवास नाही. बसून राहायचं." ही बाजूच्या स्टुलावर पदर सावरून बसली होती. तिनं विचारलं, "किती दिवस?" डॉक्टर म्हणाले, "दिवस मोजायचे नाहीत." त्यानंतर तीन आठवडे ती खिडकीशी खुर्ची टाकून बसली, आणि दिवसच मोजत बसली. पोरं सहा दिवसांची झाली, पोरं दहा दिवसांची झाली, धाकटीला दूध पुरत नाही, जावई रजा संपून कामावर गेला. आणि आता चौथ्या आठवड्यातल्या बुधवारी संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला मी तिच्या बॅगेचा पट्टा आवळत होतो. शुक्रवारी सकाळच्या बसनं ती निघणार होती. डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना निघणार होती, आणि माझ्या एका बोलण्यावरून निघणार होती.

बॅग जुनी, चेन बिघडलेली, म्हणून वरून पट्टा. मी पट्टा बकलातून ओवला, डाव्या हाताच्या तळव्यानं दाबून धरला आणि उजवा अंगठा कडेपासून पुढे रेटत नेला, कापडावरची शेवटची सुरकुती जाईपर्यंत. मग खिळा भोकात घातला. "अहो, किती ओढता," ही खिडकीतून म्हणाली, "शिवण उसवेल. बॅग आहे ती, ट्यूब नव्हे." एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी माझा अंगठा बकलावर तसाच राहिला आणि मी त्याच्याकडे दुसऱ्याच्या अंगठ्याकडे बघावं तसा बघत राहिलो. चपटा, एका बाजूनं घासून गुळगुळीत झालेला, नखाखाली काळी रेघ. हाच अंगठा. प्रयोगशाळेत चौदा महिने, रोज, हाच अंगठा. ही म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. हात भरून आला."

माझं सायकलींच्या पंक्चरचं दुकान होतं, अडतीस वर्षं. दुकान म्हणजे एक पेटी, एक पंप, पाण्याची परात आणि डोक्यावर पत्रा. या धंद्यात एकच गोष्ट शिकायची असते. ठिगळ लावताना खालचं रबर ताणून धरायचं. सुरकुती राहिली की तिथून हवा जाणार, गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात, आणि चार माणसांत तुमची शोभा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, बापाच्या हाताकडे बघून माझ्या हाताला कळलं होतं. प्रयोगशाळेच्या बाई सायकलनं यायच्या. एकदा त्यांचं पंक्चर काढताना त्या माझ्या हातांकडेच बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, आमच्याकडे याल का? आमच्याकडेही रबरच आहे, फक्त कागदाहून पातळ." मला वाटलं थट्टा करतायत. पण दुकानावर रस्तारुंदीची खूण पडलेली होती, तेव्हा गेलो. आधी भांडी धुवायला, मग यंत्रांची डागडुजी करायला. तिथली पोरं मला पंक्चरकाका म्हणायची. तिथे गेल्यावर अडचण एवढीच झाली की बशांच्या झाकणांवर तारीख आणि नाव लिहावं लागे, आणि साठीला टेकलो तरी मला अक्षर येत नव्हतं. ते हिनं शिकवलं. ही एका लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची, पंचवीस वर्षं केली, तिथल्या गठ्ठ्यांचा तपकिरी कागद अजूनही घरात पडून होता. त्यावर ती ठसठशीत अक्षर काढून द्यायची आणि मी खाली गिरवायचो. मी पेन्सिल इतकी दाबायचो की कागद फाटायचा. "हलक्या हातानं हो," ती म्हणायची, "पळून जाणार नाही ते अक्षर."

प्रयोगशाळेत हृदयाच्या पेशी होत्या. उंदरांच्या पिल्लांच्या. डोळ्यांना काहीच दिसायचं नाही, बशीत नुसतं गुलाबी पाणी. पण भिंगाखाली बघितलं की त्या पसरलेल्या दिसायच्या, आणि धडधडत असायच्या. ना शरीर, ना रक्त, ना कुणाची भीती की कुणाचं प्रेम, तरी आपल्या धडधडतायत. आधी एकेकटी, आपापल्या तालात, आणि दोन दिवसांनी शेजारणीला चिकटल्या की सगळ्या एकदम. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी झटकन डोळा काढून घेतला होता, कुणाच्या उघड्या दारातून आत डोकावल्यासारखं वाटलं. बाईंचं काम या पेशींना ताण कसा कळतो ते शोधायचं. मला त्यांनी माझ्या भाषेत सांगितलं. "पेशीच्या कातडीत बारीक झडपा असतात काका, तुमच्या ट्यूबच्या वाल्वसारख्या. कातडी ताणली की झडप उघडते आणि कॅल्शियम आत शिरतं. शिवाय आत एक स्प्रिंग असते, ती लांबली की तिलाही कळतं. आणि पेशी जिथे जमिनीला धरून असते तिथेही कळतं." मी विचारलं, "कळल्यावर काय करते?" "आधी जास्त जोरानं आकसते. म्हणजे ताण आला की मागे न हटता उलट जोर लावते. तरी ताण गेला नाही, तर वाढते. नवे धागे घालते, मोठी होते." "आणि तरीही गेला नाही तर?" बाई हसल्या. "तर लांब होत होत सैल पडते, आणि माणूस डॉक्टरकडे जातो." तेव्हा हिला काही झालेलं नव्हतं. मी पण हसलो होतो.

पेशी पातळ रबरी पट्टीवर वाढवायच्या. पट्टी आधी दोन दिवस सैल पडून राहायची, पेशी तिला धरायच्या, मग ती चौकटीत लावायची. ही लावण्याची कामगिरी माझी. अर्ध्या चौकटी मोटारीला जोडायच्या, मोटार त्यांना सेकंदाला एकदा ओढून सोडायची, तीन दिवस. उरलेल्या अर्ध्या शेजारच्या फळीवर नुसत्याच ठेवायच्या. त्यांना आम्ही आरामवाल्या म्हणायचो. त्यांना कुणी हात लावायचा नाही, ओढायचं नाही, काही नाही. ताणलेल्या आणि आरामवाल्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्या की ताणानं काय केलं ते समजणार. पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या होत्या, "आरामवाली पट्टी ढिली असू द्या काका. सुरकुती दिसली तरी राहू द्या." मी हो म्हटलं. आणि पुढे कधीतरी फळीवरून नजर फिरवत त्या म्हणाल्या, "तुमच्या चौकटी किती सुबक असतात हो, एक सुरकुती नसते." त्या शाबासकीवर मी तंगडी पसरून चौदा महिने काढले.

बॅग बांधायच्या दोन दिवस आधी, सोमवारी, बाई भिंगावरून डोकं वर काढून म्हणाल्या, "कमाल आहे. या महिन्यातही तेच. आरामवाल्यासुद्धा वाढल्यात." वहीत आकडे मांडून त्यांनी तीनदा बघितलं. "म्हणजे नुसतं बसवून काही फरक पडत नाही की काय? शनिवारी सगळ्यांसमोर मांडायचंय मला हे." हे त्या स्वतःशीच बोलत होत्या. पण मी ते उचललं आणि घरी आणलं. जेवताना हिला सांगितलं, जरा ऐटीतच, आपल्याला कळतं या थाटात. तिचा घास हातातच राहिला. "म्हणजे बसलेल्याही वाढल्या?" "हो ना." "काही न करता?" "काही न करता." ती अशी हसली, जशी तीन आठवड्यांत हसली नव्हती. "मग मी कशाला खिडकीत मांडून ठेवलेली? बसूनही तेच, नि उठूनही तेच!" मी म्हटलं, "अगं, त्या उंदराच्या आहेत." ती म्हणाली, "असू देत. तुमच्या बाई काय उंदरांसाठी शिकल्यात?" आणि हात धुऊन तिनं धाकटीला फोन लावला. शुक्रवारी येते म्हणून सांगितलं. पलीकडे धाकटी रडली, ते मला खुर्चीवर ऐकू आलं. मग मी काय बोलणार? खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटलं होतं. खिडकीतल्या त्या खुर्चीकडे बघवत नव्हतं.

आणि आता बॅगेवरचा अंगठा. आरामवाल्या आराम करतच नव्हत्या. त्यांना मोटार लावली नव्हती एवढंच. माझ्या हातानं त्या आधीच ओढून बांधलेल्या होत्या, आणि मोटारीवरच्यांना मोटार निदान सेकंदाला एकदा सोडत तरी होती, यांना तेही नाही. चौदा महिने मी त्यांच्यासमोरून गेलो, त्यांच्यावर स्वतःच्या अक्षरात तारखा घातल्या, आणि मनात म्हटलं, या बऱ्या, यांना काही त्रास नाही. मी चप्पल घातली आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो म्हणालो. कोपऱ्यावर गेलो, परत फिरलो, फाटकापाशी आलो, पुन्हा कोपऱ्यावर गेलो. एका दुकानदारानं विचारलं, काही हरवलं का काका. मी म्हटलं, नाही. घरी जाऊन एवढंच सांगायचं होतं की माझं चुकलं, जाऊ नकोस. पण ते सांगितलं की बाईंनाही सांगणं आलं, आणि बाईंना सांगितलं की पेटी आणि परात परत माझ्या गळ्यात, तीही आता जागेशिवाय. असा मी हिशेब करत होतो, स्वतःच्या चामडीचा, आणि चालत होतो.

चालता चालता आई आठवली. हिनं लाँड्री सोडली ती मी सोडायला लावली म्हणून. मी म्हटलं होतं, पुष्कळ केलंस, आता घरी आराम कर. लोकांनी विचारलं की मी सांगायचो, ही आता घरीच असते. त्याच वर्षी आईचं अर्धं अंग गेलं. आम्ही चौथ्या मजल्यावर. नऊ वर्षं आई पलंगावर होती, आणि ही दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायची. आईचं अंग जड, हिचं चिपाडासारखं. वळवलं की खालची चादर ओढून चारी बाजूंनी गादीखाली खोचायची, कारण चादरीला सुरकुती राहिली तर पाठीला जखम होते. नऊ वर्षांत आईच्या पाठीवर एक जखम झाली नाही. डॉक्टर कौतुक करायचे. मी दुकानातून यायचो, आई झोपलेली, चादर काचेसारखी गुळगुळीत, ही भिंतीला टेकून बसलेली. मी म्हणायचो, बसलीयस वाटतं. ती म्हणायची, हो, बसलेय. रस्त्यावर हे आठवलं तेव्हा मी एका खांबाला हात लावून उभा राहिलो. माझ्या छातीतही काहीतरी उघडलं आणि आत काहीतरी शिरलं, खारट. वर गेलो तेव्हा ही पोरांसाठी जुन्या साड्यांची लंगोटं घड्या करत बसली होती. एकसारख्या घड्या. मी तिला काही सांगितलं नाही. पहाटेपर्यंत मी कूस बदलत राहिलो. ती एकदाच म्हणाली, "तुम्हाला कुणी वळवत नाहीय हो, आपले आपण पडा की नीट."

गुरुवारी मी बाईंच्या आधी जाऊन दारात उभा राहिलो. त्या सायकल लावत होत्या तिथेच सांगून टाकलं. त्यांना आधी समजलंच नाही. मग त्यांनी नवी पट्टी काढली, पेनानं तिच्यावर दोन ठिपके काढले, त्यांच्यातलं अंतर मोजलं, पन्नास मिलिमीटर. "लावा," म्हणाल्या, "नेहमीसारखी." मी लावली. पट्टी लोंबली, सुरकुतीसकट. अंतर पन्नासच. "अहो, ठीक तर आहे की," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "तुम्ही बघताय म्हणून." त्यांनी खुर्ची फिरवून पाठ केली आणि सहज आवाजात विचारलं, "नातवंडं कशी आहेत?" मी सांगायला लागलो. मोठा दांडगा आहे, धाकट्याचं वजन वाढत नाही, आमची ही उद्या निघालीय. सांगता सांगता दुसरी पट्टी लावली. बाई वळल्या. पट्टी आरशासारखी. त्यांनी मोजलं. चौपन्न. पुन्हा मोजलं. चौपन्न. त्या खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"काका, मी सांगितलं होतं ना, सुरकुती राहू द्या म्हणून?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"कानाला सांगितलं होतंत. हाताला नाही पोचलं."

मी मनातल्या मनात माझा डबा आणि छत्री कुठे आहे ते आठवून ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "चूक माझीपण आहे. मी सुबक सुबक म्हणत बसले. मोजलं नाही कधी." आणि पुन्हा म्हणाल्या, "शनिवारी मांडून बसले असते मी हे सगळ्यांसमोर." नोकरीचं काहीच बोलल्या नाहीत. मला मात्र वेगळंच हवं होतं. "मग बाई, खरं काय? आरामानं फरक पडतो ना?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की त्यांना सगळं कळलं असावं. उद्या कोण निघालंय, कुठं निघालंय. पण त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "आता माहीत नाही, काका. पुन्हा सगळं करायला हवं. पाच-सहा आठवडे." मी म्हटलं, "अंदाज?" त्या म्हणाल्या, "अंदाजानंच तर घोटाळा झाला."

घरी जिना चढताना ठरवलं होतं की सरळ सांगायचं, प्रस्तावना करायची नाही. ही पोळ्या लाटत होती, बसून, स्टूल ओट्याशी ओढून. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, अंगठा, चौपन्न, चौदा महिने. लाटणं थांबलं.

"म्हणजे ज्यांना बसवलं होतं त्या बसल्याच नव्हत्या?"

"नव्हत्या. मीच ओढून ठेवलेल्या. तेव्हा तू माझ्या बोलण्यावर जाऊ नकोस. डॉक्टर म्हणतात तेच धर. बॅग सोडतो."

"थांबा." तिनं हात पुसले. "मग मला सांगा, मी तीन आठवडे खिडकीत कुठं बसले होते?"

ती रागावलेली नव्हती, खरोखरच विचारत होती, डॉक्टरांना विचारावं तसं. "इथं बसते नि कान फोनकडं. पोर तिकडं एकटी दोन-दोन जीव घेऊन रडतीय आणि मी इथं पाय वर घेऊन. मला मोटार लावली नाही एवढंच ना?" मोटारीचं मी तिला कधी सांगितलं होतं ते आठवेना. बहुधा अक्षरं गिरवताना. "तिकडं गेलीस तर उचलणार तू," मी म्हटलं, "दोन्ही उचलणार. मला माहिताय." "नाही उचलणार." "शपथ?" "शपथबिपथ काही नाही. तुम्ही चला बरोबर, बघा." थांब म्हणायचं तर ती थांबली असती, एवढं मला ठाऊक होतं. तिनं आयुष्यात माझं ऐकलं नाही असं झालंच नव्हतं. तेवढ्यासाठीच म्हणवलं नाही. मी बॅगेपाशी गेलो, बकल काढलं, आणि पट्टा दोन भोकं मागं घेऊन लावला. बॅगेचं तोंड जरा फाकलं. "आता कशी वेंधळी दिसतीय," ती म्हणाली. मी म्हटलं, "राहू दे."

शुक्रवारी आम्ही दोघं गेलो. सात तास ती खिडकीशी बसली, पण ही खिडकी वेगळी होती, तिच्यातून काहीतरी मागं जात होतं. धाकटीच्या घराला तीनच पायऱ्या, त्या तिनं थांबून थांबून चढल्या. मी तिथं पाच दिवस होतो आणि पाचही दिवस पोलिसासारखा तिच्यावर लक्ष ठेवून होतो. तिनं एकदाही पोर उचललं नाही. खुर्चीत बसायची, धाकटी एकेक आणून मांडीवर द्यायची. मांडीवरचं पोर झोपलं की तिचे हात त्याच्या दोन्ही बाजूंना नुसते पडलेले असायचे, उघडे, बोटं मिटलेलीसुद्धा नाहीत. असे तिचे हात मी लग्नापासून बघितले नव्हते. पायांवर संध्याकाळी सूज यायची, दाबलं की खड्डा राहायचा. ती साडी खाली ओढून घ्यायची. आपण दोघांनी ते बघितलेलं नाही असं आमचं ठरलेलं होतं. निघताना मी म्हटलं, "निकाल लागला की कळवतो." ती म्हणाली, "कळवा. पण आधी हाताला शिकवा."

हाताला शिकवायला बारा दिवस लागले. बाईंनी प्रत्येक पट्टीवर ठिपके काढायची पद्धत घातली. मी लावायचो, त्या मोजायच्या, एक्कावन्न, काढा, पुन्हा. अंगठ्याला मी चिंधी गुंडाळली, तरी तो रेटायचाच. शेवटी डाव्या हातानं लावायला शिकलो. डाव्या हाताला धंदा माहीत नव्हता. मग खऱ्या पेशी आल्या, दोन दिवस पडून राहिल्या, मी त्यांना सुरकुतीसकट चौकटीत ठेवलं आणि फळीवर मांडलं, गबाळ्या, बघवत नव्हत्या. पाच-सहा आठवडे म्हणता म्हणता नऊ झाले, कारण बाईंनी सगळं तीनदा केलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मला भिंगाशी बोलावलं. मोटारीवरच्या पेशी मोठ्या, जाड, जोरानं आकसणाऱ्या. आरामवाल्या लहान होत्या. लहान, आणि सावकाश धडधडत होत्या, सगळ्या एकदम, कुणाचीही घाई नसल्यासारख्या. मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. बाईंनी खांद्यावर हात ठेवला. "पडतो काका फरक," त्या म्हणाल्या.

फोन केला असता तर माझ्या पहिल्या शब्दाला तिनं ओळखलं असतं, म्हणून पत्र लिहिलं. तिला लिहिलेलं पहिलंच. पेन हलक्या हातानं धरलं. लिहिलं की इकडे सगळं ठीक आहे, दूध वेळेवर येतं, खालच्या मजल्यावरची मोरी तुंबली होती ती निघाली. निकाल अजून आलेला नाही, बाई म्हणतात वेळ लागेल. मुलांना उचलू नकोस. खाली नाव घालू की नको असा विचार करून नुसतं 'मी' लिहिलं. आठ दिवसांनी तिचं उत्तर आलं, त्याच ठसठशीत अक्षरात: पत्र पोचलं, अक्षर सुधारलं आहे. उचलत नाही, आणून देतात. धाकटा आता हसतो. निकाल आला तरी लगेच कळवायची घाई करू नका, सावकाश कळवा. पट्टी ढिली लावता ना?

माझी बायको १९ जूनला, गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमाराला धाकटीच्या घरी खुर्चीत बसल्या बसल्या वारली. तिला एकसष्टावं चालू होतं. निकाल तिला कळवायचा राहिला.